ठरलेलं गिऱ्हाईक

"ही विकायला नाहीत ना, बाई?" गुरुदत्तने पुन्हा विचारलं. या वेळी त्याने आवाज खाली आणला. "घरी न्यायची असतील तर तसं सांगा. घरच्या वस्तूचा नमुना मला घेता येत नाही."

कांताने पातेल्यावरचं ओलं फडकं बाजूला केलं. शिंपल्यांतून सोललेली कालवं करड्या पाण्यात पडली होती. त्यांना घासलेटासारखा वास येत होता.

"इकायलाच हानलीत, सायेब."

गुरुदत्तला तिचा राग आला. तो अन्न सुरक्षा अधिकारी होता, आणि आज नोकरीत पहिल्यांदाच कोणाला पळवाट दाखवत होता. ती पळत नव्हती. नमुना नापास होणार हे सांगायला प्रयोगशाळा नको होती. नापास झाला की खटला, आणि खटला म्हणजे ठाण्याच्या कोर्टातल्या तारखा. आपण धरलेली माणसं त्याने तिथल्या बाकांवर पाहिली होती. दिवसभर बसायची आणि पुढची तारीख घेऊन घरी जायची. ही बाई दिवा स्टेशनच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातून आली होती. तिच्या दोन्ही पावलांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या होत्या.

त्याचाही इलाज नव्हता. सकाळीच श्रिया मॅडमनी फोनवर बजावलं होतं, "हेल्पलाइनवर एका बाईची तक्रार आलीय. जागासुद्धा सांगितलीय तिने, मानपाड्याला, शहाळ्याच्या गाडीशेजारी. आज नमुना आलाच पाहिजे, गुरुदत्त. वर उत्तर मला द्यावं लागतं."

शेजारी वैशाली बोंबील मांडून बसली होती. ती हसत होती. तक्रार हिचीच, असं गुरुदत्तने मनाशी धरलं.

"सायेब, आमच्या बोंबलांना पन सील मारा की," वैशाली म्हणाली. "तेवढाच भाव वाढंल."

एक गिऱ्हाईक बाई पातेल्यापाशी वाकली. "कालवं कशी दिली गं?"

"ही ठरलेली हायेत, ताई," कांता म्हणाली आणि फडकं पुन्हा ओढून घेतलं.

"बघा, ठरलेली आहेत," गुरुदत्त घाईने म्हणाला. "म्हणजे विक्रीची नाहीतच."

"इकायचीच हायेत. पन ज्याला ठरलीत त्यालाच."

पातेल्यामागे थंड पेयाची जुनी बाटली उभी होती. तिच्यात काळपट पाणी होतं. हेच ती मालावर शिंपडत असणार.

"ती बाटली आधी लपवा," तो पुटपुटला. "मला दिसली तर तीही लिहावी लागेल."

"खाडीचं पानी हाय. ऱ्हाऊ दे तितंच."

आता एकच आशा उरली होती. पंचाशिवाय नमुना घेता येत नाही, आणि बाजारात पंच व्हायला कोणी तयार नसतं. त्याने मुद्दाम हळू आवाजात दोघातिघांना विचारलं. सगळे न थांबता निघून गेले. गुरुदत्तने सुटल्यासारखा श्वास घेतला.

"ए आनंदा!" कांताने शहाळेवाल्याला हाक मारली. "ये रे इकडं. सायबाला सही पायजे."

"मावशे, येडी झालीस काय?" आनंद कोयता हातात घेऊनच आला. "तुझ्यावरच केस, आणि सही मी करू?"

"मी सांगतंय ना. कर गुमान."

त्याने सही केली. गुरुदत्तने कालवांचे चार भाग केले, बरण्या बांधल्या, लाख वितळवून मोहोर उठवली, बर्फाच्या खोक्यात ठेवल्या. नमुना फुकट घेता येत नाही, विकतच घ्यावा लागतो. त्याने पैसे पुढे केले. कांताने ते कपाळाला लावले.

"भवानी झाली," ती म्हणाली.

भवानी? दुपार कलली होती, वैशालीची पाटी रिकामी होत आली होती. गुरुदत्तला वाईट वाटलं.

"तुमच्या वाईटावर कोण आहे, बाई? कुणी केला असेल हा फोन?"

कांताने बाटली उचलून मांडीवर घेतली.

"ही घेऊन सगली ऑफिसां फिरली मी, सायेब. नाल्यातनं काय येतंय ते बघा, बोलली. बाटलीतलं पानी आमी तपासत नाय, बोलले. खाडीवर चला, बोलली. आमच्याकडं येत नाय, बोलले." तिने एका पायाची पिशवी थोडी वर केली आणि लगेच खाली ओढली. आत कातडी सोलवटली होती. "चिखलात उभी ऱ्हायली का असं होतं. मग एक शिपाई बोलला, मावशे, पान्याला कोन इचारत नाय. कालवां इकताना सापडलीस तर तपासतील."

गुरुदत्तने उचललेला खोका परत खाली ठेवला.

"म्हनून फोन मीच केला. गिऱ्हाइकांना परत लावलं. लोकांना कशी खायला घालू? ही तुमालाच ठरलेली."

"अहो, पण केस तुमच्यावर होईल! खाडीवर नाही."

"होऊ दे." ती समजावल्यासारखं म्हणाली. "कोर्टात इचारतील ना, बाई, ही कालवां तू कुठनं हानलीस? तवा सांगन."

ठाण्याच्या कोर्टात गुरुदत्त कितीतरी वेळा साक्षीला उभा राहिला होता. माल विकला का, सही कोणाची, सील शाबूत होतं का, हे सगळं तिथे विचारत. कुठून आणला, हे कोणी विचारल्याचं त्याला आठवेना.