पहिला नंबर

"सेटिंगमध्ये एक का निवडलंत?" मी विचारलं.

"पहिला नंबर म्हणजे सगळ्यात चांगला ना?" सबनीसबाई म्हणाल्या. निवृत्तीनंतर त्या गावोगावच्या कर्णबधिर मुलांना ऑनलाइन खुणांची भाषा शिकवत होत्या. त्यांनी आमच्या कंपनीकडे तीनदा तक्रार केली होती, 'मुलांना माझी बोटं नीट दिसत नाहीत.' तिन्ही वेळा मी न बघताच कळवलं होतं, 'इंटरनेट तपासा.' चौथ्या तक्रारीला साहेबांनी मला त्यांच्या घरी पाठवलं.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाने व्हिडिओ किती बारकाईने तयार करायचा, ते एक ते सात आकड्यांनी ठरतं. सगळ्यात स्पष्ट सात. हे स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नाही. ती स्क्रीन मीच बनवली होती.

मी सात निवडलं. वर्ग चालूच होता; स्क्रीनवरच्या एका मुलीने भराभर हात हलवले.

"काय म्हणाली?" मी बाईंना विचारलं.

"म्हणते, ही खूण अशी असते होय? चार महिने चुकीची करतेय. आणि मी तिला रागावत होते, लक्ष देत नाहीस म्हणून."

त्यांनी माझ्याकडे वळून हात जोडले. "माझ्या चुकीपायी तुम्हाला इथवर यावं लागलं, सर."

"असू दे, बाई," मी म्हणालो.