एकशे ऐंशी गोळे

"पोरी, वीस मिनिटं राहिली. गोळे भर ना आता," पर्यवेक्षक बाई अपेक्षाच्या बाकाशी वाकून म्हणाल्या.

अपेक्षाने मान हलवली. पेन हातातच होतं. उत्तरपत्रिकेवर तिचं नाव होतं, सही होती. खाली एकशे ऐंशी प्रश्नांचे गोळे होते, सगळे पांढरे, रोवण्याआधी पाणी भरून ठेवलेल्या धानाच्या बांध्यांसारखे.

प्रश्नपुस्तिका मात्र भरून गेली होती. एकेक प्रश्न तिनं सोडवला होता, बरोबर पर्यायावर बारीक खूण केली होती. एकशे सत्तर तरी पक्के होते. त्या खुणा पुस्तिकेतून उचलून शीटवर ठेवायच्या, इतकंच काम उरलं होतं. तेवढं केलं की मेडिकलची वाट मोकळी.

पण भंडाऱ्याच्या या केंद्रावर ती डॉक्टर व्हायला आलीच नव्हती. ती शिकवणीच्या कैलाश सरांना बुडवायला आली होती.

तीन वर्षांपूर्वी याच परीक्षेला तिचा भाऊ प्रफुल्ल बसला होता. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक मार्क कापला जातो. तरीही त्यानं न येणारे चाळीस प्रश्न अंदाजानं ठोकले. सरसकट दुसरा पर्याय. पाच लागले, पस्तीस चुकले. पंधरा मार्क उलटे गेले आणि प्रवेश नऊ मार्कांनी हुकला. निकालाच्या दिवशी बाबा ओसरीत उभे होते.

"काहून ठोकले रे?"

प्रफुल्ल जमिनीकडे पाहत म्हणाला, "कैलाश सरनं सांगतलं. काहीच सोडू नको म्हणे."

बाबा एका लेकराला एकच संधी देणारे. प्रफुल्लची संपली. तेव्हापासून तो लाखांदूरच्या राईस मिलवर धानाचे कट्टे उचलतो. डॉक्टरचा स्टेथोस्कोप त्याच्या गळ्यात कधी आला नाही. खांद्यावर तेवढे वळ आले.

अपेक्षा तेव्हा नववीत होती. तिनं कोणाला काही म्हटलं नाही. अकरावीला मात्र हट्ट करून त्याच सरांची शिकवणी लावली. आई, रत्नाबाई, चुलीपुढून म्हणाली, "त्याच मास्तरकडे कायले व बाई?" अपेक्षा म्हणाली, "त्याच्याकडेच." प्रफुल्ल एवढंच बोलला, "सर चांगलं शिकवते." दादाचं मन किती मोठं, असं तिला वाटलं आणि तिचा राग दुप्पट झाला.

दोन वर्षं तिनं तो राग धानाच्या कोवळ्या पऱ्ह्यासारखा जपला. सराव परीक्षेत पहिली आली की सर हरखून जात. रविवारी घरी बोलावून जादा शिकवत. त्यांची बायको, बेबीबाई, ताटात जवसाची चटणी वाढे. अपेक्षा ती खाई, बोटं चाटून खाई, आणि मनात म्हणे, खाऊ घाल बाई, खाऊ घाल.

सर फळ्यावर खडू आपटून शिकवत. "दोन पर्याय कापता आले तरच ठोका. नाही तर सोडा. सोडलेला प्रश्न तुमचं काही नेत नाही." पोरं वहीत लिहून घेत. अपेक्षा लिहीत नसे. आता शहाणपण सुचलं, माझ्या भावाचा बळी घेऊन. एकदा सर हळूच म्हणालेही, "तुझा भाऊ हुशार होता. घाई केली त्यानं." तिला वाटलं, चूक स्वतःची आणि नाव दादाचं.

एप्रिलमध्ये एसटी स्टँडसमोर सरांनी फ्लेक्स लावला. अपेक्षाचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत, 'यंदाची आपली डॉक्टर'. तिच्या नावावर पुढच्या बॅचची रांग लागली. फोटोखाली उभी राहून अपेक्षा त्या दिवशी पोटभर हसली. फोटो जेवढा मोठा, शून्य तेवढंच मोठं दिसणार होतं.

"दहा मिनिटं," बाई म्हणाल्या.

एक क्षण पेन शीटकडे झुकलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'तीन'. किती सोपं होतं. तिला दादाचा खांदा आठवला. तिनं टोपण लावलं आणि हात मांडीवर ठेवले. घंटा झाली. बाईंनी शीट उचलली, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि पुढे गेल्या.

फाटकाबाहेर मेच्या उन्हात प्रफुल्ल मोटरसायकलजवळ उभा होता. मिलवरून सुटी काढून आला होता. त्यानं आधी तिच्या हातातली पुस्तिका घेतली. पानं उलटत गेला तसा त्याचा चेहरा उजळत गेला.

"किती सोडले व? इथं तं सगळेच सोडवले दिसते."

"पुस्तिकेत," अपेक्षा म्हणाली. "शीट कोरी देली."

"मजाक करून राहिली का?"

"एकही गोळा नाही भरला. लागू दे आता सरच्या फ्लेक्सवर शून्य. तुह्या चाळीस गोळ्यांचा बदला घेतला, दादा."

दादा तिच्या डोक्यावर हात ठेवेल, असं तिनं दोन वर्षं मनात पाहिलं होतं. प्रफुल्लनं पुस्तिका मिटली. पुन्हा उघडली. पुन्हा मिटली. मग मोटरसायकलला टेकत तो खालीच बसला, तापल्या मातीत.

"सर तं घसा कोरडा करून 'न येणारे सोड' म्हणत होते," तो म्हणाला. "बाबाच्या भेवानं मी सरचं नाव खोटंच सांगतलं."