पाखऱ्याच्या अंगावरची नक्षी

पोळ्याच्या सकाळी रणधीरकाकांनी पांढऱ्याशुभ्र पाखऱ्याला घासून धुतलं आणि रंगाचे डबे पुतणीपुढं ठेवले. "हर्षाली, तू कॉलेजात चित्रकला शिकतीस नव्हं? मग यंदा बैल आसा रंगव, की मुरुमच्या बाजारात नाव निघालं पाहिजे."

दुपारपर्यंत हर्षालीनं गोठ्यात कुणाला येऊ दिलं नाही. काका आले तेव्हा पाखऱ्याच्या पाठीपासून पुठ्ठ्यापर्यंत लाल रेघाच रेघा होत्या. काही सरळ, काही एकमेकींवरून गेलेल्या, टोकाला बारीक होत गेलेल्या. काका हरखूनच गेले. दरवर्षी बैलावर टाकायची झूल त्यांनी खुंटीलाच राहू दिली. "एवढी भारी नक्षी झाकायची व्हय?"

मिरवणूक मारुतीच्या पारापाशी आली, तशी माणसं पाखऱ्याभोवती थांबायला लागली. जो तो मोबाइलवर फोटो काढत होता. सरपंचांनी मानाचा फेटा काकांच्या डोक्यावर ठेवला आणि कौतुकानं विचारलं, "पोरी, ही नक्षी तुला सुचली तरी कशी गं?"

"मला कुठं सुचली?" हर्षाली म्हणाली. "नक्षी काकांनीच काढलीय, वर्षभर, आसुडानं. मी नुसता वळांवर रंग भरला."

फोटो काढणारे मोबाइल एकेक करून खाली आले. फेटा काढायला काकांचा हात वर गेला, आणि शेजारी उभ्या पाखऱ्यानं अंग चोरलं.