मूठ

प्रशिक्षण दुपारी होतं. हल्ला सकाळीच झाला.

स्वमग्न तरुणांच्या केंद्रात ती आजच मदतनीस म्हणून आली होती. दिवस निभावला तर नोकरी, नाहीतर परत घरी. शेजारच्या खोलीत ड्रिल मशीन किंचाळलं, तसा सगळ्यांचा लाडका 'पैलवान' कान दाबत उठला आणि तिचे केस मुठीत धरून त्याने तिचं डोकं टेबलावर आपटलं. ओठ फुटला.

"ओढू नकोस गं, डोकं मागे ओढू न—"

मुख्य ताई ओरडत धावल्या. तोवर तिने त्याची मूठ दोन्ही तळव्यांनी स्वतःच्याच डोक्यावर घट्ट दाबून धरली होती, आणि रक्त गिळत ती हळू आवाजात म्हणत होती, "हो रे राजा, हो."

ड्रिल थांबलं. मूठ सुटली.

"नोकरी पक्की समज," तिचा ओठ पुसत ताई म्हणाल्या. "त्याच्यावर राग धरू नकोस, त्याला आवाज सोसत नाही. पण अगं, केस धरले की मूठ अशी दाबून धरायची, हे तर मी दुपारी शिकवणार होते! आधी कुठल्या संस्थेत होतीस?"

 

"संस्था कसली, ताई! घरीच शिकले. फक्त आमच्या ह्यांना कारण लागत नाही."