फळीवरचं वजन

"आधी त्याला पलंगावरून खाली ओढ," भाऊ म्हणाला.

ताईने माउस घट्ट धरला. पडद्यावर काळोखं घर होतं, भिंतींना हिरवट ओल सुटलेली, आणि कोपऱ्यातल्या पलंगावर एक म्हातारा कण्हत पडला होता. भावाने एकट्याने खपून बनवलेला हा भुताटकीचा खेळ उद्या बाजारात यायचा होता. त्याआधी बहिणीने तो खेळून बघावा, एवढीच त्याची इच्छा. तिला असल्या खेळांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण धाकट्याचं मन मोडवेना, म्हणून दुपारचं जेवण आटोपून ती त्याच्या खोलीत येऊन बसली होती.

खेळात प्रत्येक वस्तूला वजन होतं. खुर्ची ओढली की घसरायची, बाटली सुटली की फुटायची. पुढचा दरवाजा उघडायचा तर जमिनीवरची एक फळी वजनाने दाबली जायला हवी होती. तिने खुर्ची ठेवून पाहिली, ट्रंक ठेवून पाहिली. फळी हलेना.

"सामानाने नाही भागायचं. माणूसच लागतो," भाऊ खुशीत म्हणाला.

तिने म्हाताऱ्याचा हात धरून ओढला. देह धप्पकन खाली आला. डोकं फरशीवर आपटलं. पाय पलंगाच्या कठड्यात अडकून भलताच वळला, अंगाखालून काहीतरी चिकट पसरत गेलं. ती ओढत राहिली. देह फळीवर पडला, दरवाजा करकरत वर गेला, आणि म्हाताऱ्याच्या छातीतून घरघर निघाली. एक लांब श्वास, मध्येच अडकलेला. मग दोन आखूड. मग कफाची बुडबुड.

तिने हेडफोन काढले. "हा आवाज कुणाचा?"

"बाबांचा. शेवटच्या आठवड्यातला. मोबाइलवर घेतला होता."

त्या आठवड्यात हाच तिला म्हणायचा, ताई, तू जरा पड, मी बसतो त्यांच्याजवळ. ती पडायची. पोरगा किती शहाणा झाला, म्हणून शेजारणीला कौतुकाने सांगायची.

"असा आवाज विकत मिळत नाही गं," तो म्हणाला. "ज्यांनी खेळून पाहिलं, त्या सगळ्यांना इथेच किळस आली. जमलंय ना?"

"जमलंय."

त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. अंगावर चढलेलं झुरळ झटकावं तसा तिने तो झटकला.

मग तिने हेडफोन पुन्हा चढवले. उघड्या दरवाज्याकडे न जाता ती मागे वळली, म्हाताऱ्याच्या काखेत हात घालून त्याला पलंगाकडे ओढू लागली. दरवाजा आपोआप खाली आला.

"अगं, पुढे जा ना."

तिने देह कसाबसा गादीच्या काठापर्यंत उचलला. तो घसरला. डोकं पुन्हा फरशीवर आपटलं. तिने पुन्हा उचलला, पुन्हा तेच.

"नाही व्हायचं ते," भाऊ मोठ्याने म्हणाला. "परत वर ठेवायची सोय मी केलेलीच नाही."

तिने म्हाताऱ्याचं डोकं जमिनीपासून वीतभर वर धरलं आणि तशीच बसून राहिली. माउस सोडला असता, तर ते पुन्हा आपटलं असतं.