रविवारचं तेल

"आधी हिले बाहेर काढा," कलाबाई डॉक्टरांना म्हणाली. "मंग सांगस मी."

लता उठली. दारापर्यंत गेली, मागे वळली, सासूच्या हाताला टेबलाची कड लागेल अशा बेताने तिचं स्टूल पुढे सरकवलं आणि मुकाट बाहेर गेली. हे असलं गोड वागणंच कलाबाईला खुपायचं. काही केल्याशिवाय एवढं गोड कोण वागतं?

दार लागल्यावर तिने पिशवीतून बाटली काढली. निळ्या बुचाची, फडक्यात गुंडाळलेली. टेबलावर ठेवली.

"हाई तपासा."

डॉक्टरांनी बूच काढून वास घेतला. "खोबरेल आहे, अक्का."

"वर खोबरेल शे. खाल काय शे ते पाहा."

मग तिने सगळं सांगितलं. चार महिने झाले. दर रविवारी न्हाण्याआधी सून डोक्याला तेल लावते, आणि तेल लागलं की घर गरगर फिरतं. आढं खाली येतं, चूल वर जाते. अमळनेरला दोन सुया झाल्या, भगताचा दोरा झाला, लिंबू झालं. शेवटी शेजारची भिकुबाईच बोलली, "तेल कोन लावस वं तुले?" तेव्हापासून कलाबाईच्या डोक्यात एकच बाटली. डॉक्टरही सुनेनेच शोधलेला, सुनेच्याच माहेरी, पिंप्राळ्यात. म्हणून तर ती फडक्याची गाठ डोळ्यांआड होऊ देत नव्हती. मुलाला, भटूला, ती सांगूनच निघाली होती: बाटलीत काही निघालं तर मी एकटी परत येईन. लता राहील तिच्या बापाकडे.

भटू खाली बघत राहिला होता. नाही म्हणाला नव्हता.

"तेल लावताना कशा बसता? दाखवा बरं," डॉक्टर म्हणाले.

"कशी म्हंजे? ती खाटवर, मी खाले. मान अशी मांगे..."

कलाबाईने मान मागे टाकली, जरा उजवीकडे. क्षणभर काहीच नाही. मग भिंतीवरचं कॅलेंडर निघालं, त्यामागे खिडकी निघाली, सगळी खोली घाण्याला जुंपल्यासारखी फिरू लागली.

"माय वं!" तिने टेबलाची कड गच्च धरली.

डॉक्टर तिच्या डोळ्यांत बघत होते. फिरणं थांबेपर्यंत त्यांनी तिचे खांदे सोडले नाहीत.

"आत्ता तर कोणी तेल लावलं नाही, अक्का."

कलाबाईने टाळूवरून हात फिरवून बोटं हुंगली.

"फळीवरचा डबा काढताना होतं का असं?"

"व्हस."

"झोपेत उजव्या कुशीवर वळताना?"

"व्हस."

"तेव्हा सून असते जवळ?"

कलाबाई खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक रिक्षा उभी होती.

कानाच्या आत रव्यासारखे बारीक कण असतात, डॉक्टर सांगू लागले, ते जागा सोडून भलतीकडे गेलेत. डोकं बेताबेताने वळवून ते परत जागी न्यायचे.

"कानमा रवा," कलाबाई म्हणाली. "बरं. मंग सुई?"

"नाही."

"गोळी?"

"तीही नाही."

"मंग डॉक्टर कसाले म्हनतस तुमले?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी तिला बाजूच्या तपासणीच्या टेबलावर आडवं केलं. डोकं कडेबाहेर लोंबतं. आधी उजवीकडे; पुन्हा सगळं फिरलं, थांबलं. मग डावीकडे. मग कूस, तोंड जमिनीकडे. मग उठवून बसवलं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच मागे निजवून पाहिलं. कॅलेंडर जागेवर. खिडकी जागेवर. यात लबाडी कुठे असेल ते कलाबाई डोळे बारीक करून शोधत राहिली. सापडेना.

डॉक्टरांनी लताला आत बोलावलं.

"हे परत उद्भवू शकतं. दरवेळी गावाहून येणं जमायचं नाही. तुम्ही बघून घ्या आणि माझ्यासमोर एकदा करा."

लताचं लक्ष नव्हतं. डॉक्टरांच्या टेबलावर फडकं उलगडलेलं होतं आणि त्यावर तिच्या घरातली बाटली उभी होती. तिने बाटलीकडे पाहिलं. मग सासूकडे. वास घेताना डॉक्टरांनी बूच काढून बाजूला ठेवलं होतं, ते उचलून तिने नीट लावलं.

"डॉक्टर, मला जमेल," ती म्हणाली. "पण त्यांचं डोकं माझ्या हातात द्यायला त्यांना चालेल का, ते त्यांनाच विचारा."

डॉक्टरांनी विचारलं नाही. कलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. सोडवलं. पुन्हा गुंडाळलं.

"उभी काय राह्यनी?" ती एकदम खेकसली. "धर."

लताने हात पुढे केले. त्या हातांना तेलाचा वास होता, रोजचाच. कलाबाईने दोन्ही मुठींनी टेबलाची कड पकडली आणि अंग मागे सोडून दिलं. डोकं कडेबाहेर गेलं, सगळा भार सुनेच्या तळव्यांवर आला.

"डोळे मिटू नका, आत्याबाई. फिरतंय?"

कलाबाई खोली फिरायची वाट बघत राहिली. वर लताचा चेहरा होता, कपाळ खाली, हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले. कलाबाईने त्यावर नजर रोखून धरली. चेहरा उलटा होता, पण जागेवर होता.