बाकी शून्य नाही

टेबलावरच्या पेल्यातलं पाणी स्थिर होतं. गेले दोन महिने संगणकाच्या पंख्यामुळे त्यावर बारीक वलयं उठायची. पेला खिडकीकडे सरकवला तरी कडेशी थरथर राहायचीच. कामावरून आलेल्या लेकीने पिशवीही खाली ठेवली नव्हती. संगणकाचा पडदा न बघताच तिला कळलं, गणित संपलंय.

"काय म्हणतंय?" पलंगावरून बाबांनी विचारलं. हात कापायला लागल्यापासून टायपिंग तिच्याकडे होतं.

तिने वाकून वाचलं. "बाकी शून्य नाही."

"नापास." निवृत्त गणितमास्तर उशीला टेकले. दोनाच्या एका प्रचंड घातातून एक वजा करून आलेली, चार कोटी अंकांची संख्या होती ती. या कसोटीत नेहमीच्या भागाकाराच्या उलट होतं: शेवटी बाकी शून्य उरली असती, तरच ती मूळ संख्या ठरली असती. "आणि भाग कशाने जातो ते सांगणार नाही. आमच्या हेडमास्तरांची तऱ्हा. शेरा मारायचा, कारण द्यायचं नाही."

"आपण शोधलं तर?"

"शोध की. तुझा जन्म जाईल. माझा तर गेलाच."

ती कशीबशी हसली. दुसऱ्या शहरातल्या रक्ततपासणीच्या मोठ्या प्रयोगशाळेने तिला नोकरीला बोलावलं, त्याला वर्ष होत आलं होतं. एवढी संख्या होऊ दे, मग बोलू, असं ती दर वेळी ठरवायची. ती गेली की बाबांनी दादाकडे राहायचं. वहिनीने सांगूनच टाकलं होतं, "बाबांनी खुशाल यावं, पण ते घरघरणारं धूड माझ्या घरात नको." बाबांना सगळं ठाऊक होतं. विषय निघाला की त्यांना झोप यायची. आज दुपारी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला होता: उद्यापर्यंत कळवा, नाहीतर दुसरीला घेते.

"चल, पुढची घालू," बाबा म्हणाले.

ती खुर्चीत बसली. बाबा डोळे मिटून नव्या घाताचा एकेक आकडा सांगू लागले. सांगून झालं की तिने तो उलट्या बाजूने वाचायचा, हा त्यांचा नियम. सरळ वाचलं की डोळे मनातलंच वाचतात, असं त्यांचं म्हणणं.

"हं. वाच उलटा."

पडद्यावरचा रकाना कोरा होता.

"दमलीस होय? राहू दे. सकाळी घालू."

"सकाळी नको, बाबा." तिने हात मांडीवर घेतले. "मी ती नोकरी घेतेय."

बाबांनी डोळे उघडले. या वेळी त्यांना झोप आली नाही. त्यांनी पेल्याकडे बघितलं.

"माझं काही चुकलं का गं?"

"कशाने ते शोधत बसले तर जन्म जाईल," ती म्हणाली. "जातेय, एवढं नक्की."